गेंडिणीचं दूध आणि माझं तोंड

...आणि वर मलाच खोलीबाहेर काढलं! यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, नात झाली, आठवडा झाला, पण पोर दूध ओढेना. दोन घोट घेते की भोकाड! सून रडकुंडीला आलेली. त्यात विहीणबाई, "दूधच पातळ हो हिचं, निव्वळ पाणी!" आमची ही कशाला ऐकून घेते? "लेक तुमची धड जेवत नाही, दूध काय करील?" झालं, दोघींची जुंपली, सून पदराआड मुसमुसतेय... मला राहवेना. जन्मभर फायलींत मान घातली, निवृत्तीनंतर पुस्तकांत घातली, ते वाचलेलं कधी उपयोगी पडायचं? म्हटलं, "पातळ तर पातळ! गेंडिणीच्या दुधात स्निग्धांश औषधालाही नसतो, पण पिल्लू बघा केवढं होतं!"

मग विहीणबाई, "माझ्या लेकीला गेंडीण म्हणालात?"

आता यात माझं काय चुकलं? सारवासारव करायला गेलो, "तसं नाही हो, दाट म्हणाल तर सीलचं! बर्फावर राहायचं ना, निम्म्याहून जास्त चरबीच. त्यांची एक जात तर चार दिवस पाजते की संपलं! पातळवाल्यांना मात्र महिनोन्‌महिने पाजावं लागतं..." ही ओरडली, "अहो, आवरा!" पण गाडी उताराला लागलेली! "अस्वलीण तर गुहेत झोपेतच पाजते, आणि हत्तीण..." हत्तीण पुरी व्हायच्या आत मी बाहेर आणि दार बंद!

पण अर्धवट काम टेबलावर ठेवायची सवय नाही ना आपल्याला! दाराबाहेरूनच ओरडलो, "हत्तीच्या पिल्लालाही पहिल्यांदा जमत नाही! सोंड मधेच येते, ती डोक्यावर टाकायची हे कळायला वेळ लागतो! भोवती मावश्या, आत्या, आज्या गोळा होतात, पण एकही म्हणत नाही हो, की दूध पातळ आहे!"

आत सून फिस्सकन हसली. मग खो खो... आठवड्यात पहिल्यांदा! अंग सैल पडलं असावं, कारण पाठोपाठ... गटगट, गटगट! मी आपला ऐकत गप्प उभा. तर दार किलकिलं करून विहीणबाई, "थांबलात कशाला? पोरगीही थांबली! बोला!"

तेव्हापासून दर पाजण्याला मी दाराबाहेर स्टुलावर. उंट झाले, जिराफ झाले, घसा बसला. काल सुनेला विचारलं, "बाई गं, अजून किती दिवस?"

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना? पातळवाल्यांना महिनोन्‌महिने!"

यात माझं काय चुकलं ते कळलं एकदाचं... सीलच्या घरात आजोबा व्हायला हवं होतं. चार दिवसांत सुटलो असतो!