सातव्या हेन्रीचा निबंध कोणी लिहिला

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि कोलंबसच्या आसपास राहणाऱ्या आपणा सगळ्यांचे वडीलधारे श्री. जगन्नाथराव, सकाळभर स्वयंपाकघर सांभाळून आत्ताच व्यासपीठावर येऊन टेकलेल्या मंडळाच्या कार्यवाह सुलभाताई, आपल्या खास पाहुण्या मिसेस ब्रुबेकर, सत्कारमूर्ती श्री. पुरुषोत्तम खरवंडीकर सर, म्हणजे माझे सासरे, आमचे नाना, आणि एप्रिलमधला पहिला उबदार शनिवार घालवून या हॉलमध्ये येऊन बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी चंद्रशेखर वाळिंबे. नाना येत्या मंगळवारी परत कऱ्हाडला निघाले आहेत. सात महिन्यांत त्यांनी आपल्या मंडळात चार व्याख्यानं दिली, रविवारच्या वर्गात मुलांना बाराखडी शिकवली. ते सगळं आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मला जावई म्हणून चार शब्द बोलायला सांगितलं आहे. ते चार शब्द थोडे अवघड आहेत, तेव्हा सभेने सांभाळून घ्यावं.

मिसेस ब्रुबेकर माझ्या मुलीला, दीपाला, इथल्या डब्लिनच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतात. त्यांना मराठी येत नाही. दीपा शेजारी बसून त्यांना अर्थ सांगते आहे. ती काय सांगते आणि काय गाळते, यावर माझा ताबा नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर जानेवारीत एक गोष्ट आली होती. वाळिंब्यांच्या दीपाने शाळेत कॉपी केली, आजोबांकडून निबंध लिहून घेतला, शाळेने घरी फोन केला. मला हे ठाऊक आहे, कारण त्या महिन्यात आमच्या घरी जेवायला आलेल्या दोन कुटुंबांनी मुलांच्या अभ्यासाचा विषय एकदाही काढला नाही. आपल्या लोकांत असं कधी होतं का? मी त्यांना दोष देत नाही. पहिली शंका मीच घेतली होती.

मी एका कारखान्यात माल तपासतो. समोर आलेल्या प्रत्येक पार्टमध्ये खोट आहे असं धरून चालायचं आणि ती सापडली नाही तरच सही करायची, हे माझं सतरा वर्षांचं काम. नाना सप्टेंबरमध्ये आले. सासूबाईंना जाऊन चार महिने झाले होते, म्हणून माझ्या बायकोने, सुलेखाने, हट्टाने बोलावून घेतलं. आम्ही दोघं दिवसभर कामावर. पावणेतीनला दीपाची बस यायची आणि सहाला आम्ही येईपर्यंत घरात आजोबा आणि नात. मला वाटायचं, हे दोघं बोलणार काय? तिचं मराठी 'भूक लागली' आणि 'नको' एवढंच. नाना इंग्रजी वाचतात, पण इथल्या लोकांचं बोललेलं त्यांना समजत नाही.

ऑक्टोबरच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, की मी गॅरेजमधून घरात शिरलो की आतलं बोलणं थांबतं. आवाज चढलेले असायचे, भांडल्यासारखे. मी दार उघडलं की दोघं गप्प. नाना वही मिटायचे. मी विचारलं, "काय चाललंय?" तर दीपा म्हणायची, "नथिंग, बाबा." मग एकदा जेवताना टीव्हीवर कोणीतरी खोटं नाव सांगून पकडला गेल्याची बातमी लागली होती. दीपा भात कालवता कालवता म्हणाली, "म्हणजे तोतया." सोळा वर्षांची, ओहायोत जन्मलेली माझी मुलगी. सुलेखाला कौतुक वाटलं. मला वाटलं, हा शब्द हिच्या तोंडी आला कुठून, आणि आणखी काय काय आलं आहे?

डिसेंबरमध्ये तिने शाळेत निबंध दिला. विषय होता, इंग्लंडचा सातवा हेन्री आणि त्याच्या परराष्ट्र धोरणाचे उद्देश. आता तुम्ही म्हणाल, निरोपसमारंभात हा राजा कशाला? थोडक्यात सांगतो. हा माणूस पंधराव्या शतकाच्या शेवटी लढाई जिंकून गादीवर आला. गादीवर त्याच्यापेक्षा जवळचा हक्क सांगणारे लोक जिवंत होते. त्यातच एक तरुण युरोपभर सांगत हिंडू लागला, की नाहीसा झालेला राजपुत्र तो मीच. फ्रान्सने त्याला ठेवून घेतलं. तिथून तो फ्लँडर्समध्ये बर्गंडीच्या विधवा डचेसकडे गेला, पुढे स्कॉटलंडच्या राजाने तर त्याला मोठ्या घराण्यातली मुलगी दिली. या हेन्रीने आयुष्यभर फ्रान्स, स्पेन, स्कॉटलंड सगळ्यांशी तह केले, मुलांची लग्नं जुळवली, व्यापाराचे करार केले. कशासाठी केले, हा प्रश्न.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिसेस ब्रुबेकर यांचा मला कारखान्यात फोन आला. त्या अतिशय सभ्यपणे बोलल्या. म्हणाल्या, निबंध फार चांगला आहे, आणि तीच माझी अडचण आहे. त्यात अठराव्या शतकातल्या पुण्याच्या एका तोतयाची तुलना आहे. लढाईत गेलेल्या सेनापतीचं नाव सांगून एक जण उभा राहिला, आणि लोकांनी त्याला मानलंही. हे आमच्या लायब्ररीतल्या एकाही पुस्तकात नाही आणि दीपाने खाली कसला आधारही दिलेला नाही. मग त्यांनी विचारलं, हे घरातल्या दुसऱ्या कोणी लिहिलं असण्याची शक्यता आहे का?

मी काय म्हणालो, ते तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. मी म्हणालो, "इट इज पॉसिबल. आय विल लुक इंटू इट."

माझी मुलगी खोटं बोलत नाही, असं म्हणायला किती वेळ लागतो? तेवढाच लागतो. ते मला सुचलं नाही.

त्या शनिवारी सुलेखा, नाना आणि दीपा डाळ-तांदूळ आणायला कोलंबसला गेले. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलो आणि दीपाच्या खोलीत जाऊन तिच्या टेबलाचा खण उघडला. आत नानांची वही होती. मी एकच पान पाहिलं. नानांचं अक्षर, देवनागरीत सनावळ्या, फ्रान्स, फ्लँडर्स, तोतया, तह. मला हवी होती ती खोट सापडली. मी पुढची पानं वाचली नाहीत. वही खणात टाकली आणि खाली येऊन टीव्ही लावला.

शाळेने मंगळवारी मला, दीपाला आणि नानांना बोलावलं. आदल्या दिवशी नाना मला म्हणाले, "मी येणार आणि मी मराठीत बोलणार. मोडक्या इंग्रजीत साक्ष द्यायची नाही मला. तू सांग त्यांना." म्हणजे ज्याची खात्री झाली होती, की मुलीने फसवलं आहे आणि सासरे आता मायेपोटी खोटं बोलणार आहेत, त्यालाच दुभाष्या नेमलं.

शाळेच्या त्या खोलीत आम्ही चौघं होतो. नाना गळाबंद कोट घालून, वही मांडीवर ठेवून बसले होते. दीपा कोणाकडेच बघत नव्हती. मिसेस ब्रुबेकर यांनी निबंध पुढे केला आणि विचारलं, हा तुम्ही लिहिलात का? मी भाषांतर केलं.

नाना म्हणाले, "त्यांना सांग, हा माझा असता तर मला लाज वाटली असती. हा निबंध चूक आहे."

मी नानांकडे बघितलं. ते म्हणाले, "सांग की."

मी सांगितलं. मिसेस ब्रुबेकर यांनी पेन खाली ठेवलं. नाना पुढे बोलत राहिले आणि मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत राहिलो. "मी एकतीस वर्षं कऱ्हाडला मुलांना या राजाचे पाच उद्देश पाठ करायला लावले. घराण्याला मान्यता, गादीची सुरक्षितता, व्यापार, खजिना, आणि लढाई टाळणे. खजिना त्यातला मुख्य, कारण माणूस लोभी होता. ही मुलगी म्हणते, पाच नव्हतेच, एकच होता. त्यावरून आमचं तीन महिने भांडण चाललंय. मराठीत अडली की ती इंग्रजीत लिहून दाखवते. हिने माझं ऐकलं असतं तर निबंध निराळा झाला असता." मग त्यांनी वही उघडून माझ्या हातात दिली. "वाच मोठ्याने. बाईंनाही कळू दे आणि तुलाही."

मी शनिवारी न वाचलेली पानं तिथे वाचली. वर लिहिलं होतं, दीपाचं म्हणणं. खाली, माझं म्हणणं. दीपाचं म्हणणं: प्रत्येक तहात एक कलम सारखंच आहे, माझ्या शत्रूला तुमच्या घरात घेऊ नका. माझं म्हणणं: फ्रान्सच्या तहात त्याने दरवर्षी मोठी रक्कम मिळवली, ते विसरू नये. दीपाचं म्हणणं: पण त्याच तहात फ्रान्सने तोतयाला बाहेर काढायचं कबूल केलं. शिवाय तो लोभी होता, तर फ्लँडर्सने तोतयाला जवळ केल्यावर त्याने आपल्याच व्यापाऱ्यांचा तिथला व्यापार बंद का पाडला? स्वतःचं नुकसान का केलं? आणि त्याखाली नानांच्या अक्षरात: उत्तर नाही. उद्या विचार करीन. पुढच्या पानावर तारीख वेगळी, पण तेच. अजून उत्तर नाही.

हे मी इंग्रजीत सांगत गेलो. एका शब्दाला मी अडलो. दीपाने तो पुरवला.

"तोतयाची गोष्ट मात्र माझी," नाना म्हणाले. "भाऊसाहेबांच्या तोतयाची. ती मी सांगितली, तिने वापरली. तेवढी चोरी म्हणायची तर म्हणा."

दीपा पहिल्यांदा बोलली. "मला माहीत नव्हतं. हाऊ डू यू फुटनोट युवर आजोबा?"

मिसेस ब्रुबेकर यांची शंका एवढ्यावर गेली असं कोणी समजू नये. मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो यासाठी, की त्यांनी शंका तिच्या समोर बसून विचारली. त्या म्हणाल्या, उद्देश एकच होता असं म्हणतेस, तर सुरुवातीला हेन्री फ्रान्सशेजारच्या ब्रिटनी या छोट्या राज्यासाठी फ्रान्सविरुद्ध का उभा राहिला? तिथे तर कुठलाच तोतया नव्हता. निबंधात याचं उत्तर नव्हतं. वहीतही नव्हतं. मी नानांना प्रश्न मराठीत सांगितला.

दीपाने निबंध आपल्याकडे ओढला. मग सावकाश म्हणाली, मला नक्की ठाऊक नाही. पण राजा होण्याआधी हेन्री स्वतः बरीच वर्षं ब्रिटनीत राहिला होता. दुसऱ्याच्या घरात, गादीवर हक्क सांगणारा पाहुणा म्हणून. त्या घराने त्याला सांभाळलं होतं. तेव्हा एक तर ती परतफेड असेल. नाही तर ते घर फ्रान्सच्या हाती गेलं तर पुढचा पाहुणा तिथे कोण येईल, याची त्याला भीती असेल. असा पाहुणा काय करू शकतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

मी हे नानांना मराठीत सांगितलं. नानांनी माझ्या हातातून वही घेतली, खिशातलं पेन काढलं आणि तिथेच लिहायला लागले. "परत सांग," म्हणाले, "हळू." मिसेस ब्रुबेकर त्यांचं लिहून होईपर्यंत थांबल्या. मग त्यांनी एका कागदावर नमुना लिहून दीपाला दिला: पुरुषोत्तम खरवंडीकर, निवृत्त इतिहास शिक्षक, कऱ्हाड, यांच्याशी झालेल्या संभाषणावरून. ती ओळ निबंधाखाली जोडायची, आणि ती वेळेवर जोडली नाही म्हणून ए ऐवजी ए मायनस. दीपाने ते मान्य केलं.

घरी परतताना ती मागच्या सीटवर नानांशेजारी बसली. दिव्यावर गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, "बाबा, फोन आला तेव्हा तू काय सांगितलंस?" मी खरं ते सांगितलं. ती "ओके" म्हणाली. त्यानंतर कितीतरी दिवस घरात माझ्या वाट्याला तेवढा एकच शब्द आला.

नाना त्या दिवशी गॅरेजमध्ये माझ्यासाठी मागे थांबले. म्हणाले, "शंका घे. मी आयुष्यभर मुलांना तेच शिकवलं. पण माणसाची शंका आली तर त्याच्या तोंडावर विचारावं." मी मान हलवली. खणाचं त्यांना ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. तीन महिने मी ते मनात ठेवलं. या भाषणाची तयारी करताना मात्र लक्षात आलं, की खण गाळून नानांबद्दल काही बोलता येत नाही, आणि इथे बोलायचं तर आधी घरी बोलायला हवं.

म्हणून आज सकाळी, चहाच्या टेबलावर, मी दीपाला सांगितलं, की त्या शनिवारी मी तुझा खण उघडला होता.

ती टोस्टला लोणी लावत होती. म्हणाली, "मला माहीत होतं. तू वही उलटी ठेवली होतीस."

मी विचारलं, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तू सांगतोस का, ते बघत होते."

मी विचारलं, हे हॉलमध्ये सांगू का? ती म्हणाली, "शुअर. पण मला बिचारी करू नकोस." ते मी केलं नसावं अशी आशा आहे.

नाना, तुम्ही आमच्या घरी पाहुणे म्हणून आलात. मंगळवारी तुम्ही गेलात की पावणेतीन ते सहा घर रिकामं राहील. सुलेखा आणि मी आलटून पालटून लवकर यायचं ठरवलं आहे. मला सातव्या हेन्रीबद्दल भांडता येणार नाही, पण दीपा म्हणते, शिकता येईल.

अध्यक्षमहाराजांनी मला दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं, मिसेस ब्रुबेकर यांनी मराठीचं एक अक्षर येत नसताना तासभर बसून ऐकलं, सुलभाताईंनी बटाटेवडे गार होत असूनही चिठ्ठी पाठवली नाही, त्या सर्वांचा मी आभारी आहे. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, एखादी तारीख किंवा नाव चुकलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. चुका दुरुस्त करायला नाना इथे मंगळवारपर्यंत आहेत. त्यानंतरच्या माझ्या चुका बघायला दीपा आहे.

नमस्कार.