तासीचा अंगठा

...आणि मला वाटलं काय होतं? की बेल्जियममध्ये सहा वर्षं सापांचा अभ्यास करून आलेली मुलगी फोलीकाकांच्या अजगरवाडीत पाऊल टाकेल, तिथे सगळा आनंदीआनंद असेल, लोक पिल्लाच्या डोळ्यांत बघून नर की मादी ठरवत असतील, आणि मी मखमली पेटीतून पोलादी सळ्या काढल्या की सगळे हातातलं काम टाकून पुढे सरकतील... आणि दिसलं काय? तासी. तासी म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली, गालात सुपारीसारखा चघळायचा कोलाच्या बीचा तुकडा, स्टुलावर बसलेली. पिल्लू उचलायचं, उलटं करायचं, शेपटीच्या मुळाशी अंगठा एकदा असा फिरवायचा आणि म्हणायचं, "बाई." लाल टब. "बाप्या." निळा टब. माझ्या पेटीची कडी निघेपर्यंत तिची चाळीस पिल्लं झाली होती, तुम्हाला सांगते.

आता मी काही संशयी नाही. पण माणसाला प्रश्न पडतो की नाही? हातभर लांब, करंगळीएवढं जाड पिल्लू, हात लावला की चेंडूसारखं गोळा होणारं, नर आणि मादी वरून अगदी एकसारखे. सळई तेलात बुडवायची, शेपटीच्या बाजूला हळूच सरकवायची, दोन-तीन खवल्यांवर अडली तर मादी, आठ-नऊ खवले आत गेली तर नर. हे नीट जमायला मला दोन वर्षं लागली, आणि या बाईला कोला चघळता चघळता कळतं? मी विचारलं, तासी, कसं कळतं गं तुला? तर म्हणाली, "तुझ्या आईला तुझं कळलं तसंच. वर केलं, बघितलं."

बरं, संशय मला एकटीला होता असंही नाही. काकांनाही होता. आमच्या त्सेव्हिए गावाच्या बाजूला सगळ्या वाड्यांचं चालतं तसंच त्यांचं चालतं, हंगामात शिकाऱ्यांनी बिळांतून काढलेल्या गाभण माद्या घ्यायच्या, अंडी उबवायची, पिल्लं परदेशी हौशी लोकांना पाठवायची आणि दहातलं एक पिल्लू रानात परत सोडायचं. आता परदेशी माणसाला हवी असते मादी, कारण एका नरात चार-पाच माद्यांचं भागतं. म्हणून काकांचा हुकूम, रानाच्या टोपलीत फक्त नर. आणि गेली काही वर्षं माद्याच कमी निघायला लागलेल्या. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "सेलोम, म्हातारीचा अंगठा गेलाय बहुतेक. तू तुझ्या सळीने तपास, उद्या सकाळी माझ्यासमोर सांग. चुकत असेल तर बसू दे घरी कसाव्याच्या किसाची गारी भाजत."

मी तपासलं. लाल टब, शंभरातली शंभर बरोबर. निळा टब, एकही चूक नाही. मला घाम फुटला, अहो, असं माझंसुद्धा कधी येत नाही. मग रानात सोडायच्या दोन टोपल्या राहिल्या होत्या, त्यातली एक उघडली. वीस पिल्लं, सगळी 'नर' म्हणून ठेवलेली... आणि त्यात अकरा माद्या.

मी काही संशयी नाही. पण दोनशे पिल्लांत एकदाही न चुकणारा अंगठा एकाच टोपलीत अकरा वेळा चुकतो? मला एकदम तासीचं नवं कोरं लुगडं आठवलं. मनात म्हटलं, घानाच्या हद्दीपलीकडे कुणीतरी गिऱ्हाईक आहे हिचं. आणि तेवढ्यात बाईसाहेबांनी दुसरी टोपली डोक्यावर घेतली आणि भर दुपारी निघाल्या. मी मागे. ती कसाव्याच्या शेतातून, मी कसाव्याच्या शेतातून. ती वारुळापाशी थांबली, मी ताडाआड.

गिऱ्हाईक वगैरे कुणी आलं नाही. तासीने टोपली उतरवली आणि एकेका पिल्लाला जुन्या बिळाच्या तोंडाशी ठेवायला लागली, आणि बोलतेय त्यांच्याशी. जा बाई, इकडे मुंगसं कमी आहेत. तू थांब रे, लगेच तिच्या मागे जाऊ नकोस, वय काय तुझं... आणि मान न वळवता म्हणाली, "सेलोम, उन्हात उभी राहू नकोस. तुझे बूट मघापासून वाजतायत."

मी बाहेर आले आणि सुरू झाले. मी किती तत्त्वाची, खोटेपणा म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, सगळं. तिने तेवढ्यात शेवटचं पिल्लू सोडलं. मग म्हणाली, "नुसते बाप्ये सोडून रान भरतं का गं? काय करतील ते, पत्ते खेळतील? मी पोर होते तेव्हा अंगणामागच्या बिळात अजगर मिळायचा. आता शिकारी तीन गावं ओलांडून जातात. नऊ वर्षं झाली, मी टोपलीत बायाही घालते."

हेच, अगदी हेच मी तिकडे ऐंशी पानांत लिहिलं होतं हो, आलेखांसकट! तीन लोकांनी वाचलं, त्यातली एक मी. आणि ही बाई नऊ वर्षं ते अंगठ्याने करत होती.

मी म्हटलं, तासी, उद्या काकांना काय सांगू? तिने रिकामी टोपली झटकली. "खोटं बोलू नकोस, शिक्षण वाया जाईल तुझं. फक्त चोरी म्हणू नकोस. चूक म्हण. म्हातारीचा अंगठा गेला म्हण." आयुष्यात कधी न चुकलेली बाई, सांगते मला, चूक म्हण.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खुर्ची टाकून, चष्मा लावून बसले. तासी जमिनीकडे बघत उभी. मी राहिलेल्या टोपलीतलं पहिलं पिल्लू घेतलं, सळई तेलात बुडवली, सरकवली. तीन खवल्यांवर अडली. काका वाकून बघतायत. तुम्हाला सांगते, सहा वर्षांचं शिक्षण, ती तत्त्वं, ते ऐंशी पानांचं बाड, सगळं त्या तीन खवल्यांवर अडलेलं...

"नर," मी म्हटलं.

दुसरं. नर. तिसरं. नर. विसाच्या वीस नर. तासीने कोलाचा तुकडा या गालातून त्या गालात सरकवला, एवढंच. आणि काकांनी चष्मा काढला, पुसला, आधी तिच्या अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्या मखमली पेटीकडे.

"म्हणजे म्हातारी सांगते तेच तूही सांगतेस," ते म्हणाले. "मी काही संशयी नाही, सेलोम. पण सहा वर्षं तिकडे तू नक्की शिकलीस काय?"

मी सळई पुसली, पेटीत ठेवली, आणि टोपली डोक्यावर घेऊन तासीच्या मागे निघाले... या वेळी बूट काढून.