पट्टी ढिम्म!

नाही, नाही, मला शांत हो म्हणू नका! झालो असतो हो शांत, पण ती पडद्यावरची निळी पट्टी... तुम्हाला सांगतो, साहेब परवडला, शेजारी परवडला, पण ती निळी पट्टी नको! व्हिडिओचं सगळं काम झालं, कापाकापी झाली, संगीत लागलं, नावं टाकली, आता फक्त 'एक्सपोर्ट' दाबायचं, की सगळे तुकडे जोडून एक सलग फिल्म बाहेर येते आणि आपण सुटतो. दाबलं! पट्टी आली, नखाएवढी सरकली, आणि मग? पट्टी ढिम्म!

आता फिल्म कुणाची, ते ऐका. सासऱ्यांची! सासरे म्हणजे पोहण्याचे मास्तर, अर्ध्या शहराला त्यांनी स्वतःच्या हातानं पाण्यात ढकललंय. संध्याकाळी त्यांच्या निवृत्तीचा समारंभ, हॉल भरून शिष्य येणार, आणि फिल्म माझ्या गळ्यात, कारण घरचा माणूस! एरवी माझ्या कामाबद्दल त्यांचं मत काय, ठाऊक आहे? कुणी विचारलं, "जावई काय करतात हो?" की घसा खाकरून म्हणतात, "बसतात." संपलं! "कुठे बसतात?" "कॉम्प्युटरसमोर." अहो, एडिटर आहे मी! डोळ्यांच्या पार खाचा झाल्या, मान आखडली, आणि मी आपला 'बसतात'! म्हणून ठरवलं होतं, आज या माणसाच्या तोंडून एक शाब्बास काढायचीच. बाकी काही नको, एक शाब्बास! आणि ती कुठे अडकली होती? त्या पट्टीत. आणि पट्टी ढिम्म!

बरं, खाली लिहून येतं ना, 'उरलेला वेळ'? ते म्हणे दोन तास. मी म्हटलं, चालेल, आंघोळ करून येतो. आलो, तर तीन तास! मी आंघोळ केली आणि त्यानं वेळ वाढवला! हे कुठलं गणित? घड्याळ पुढे चाललंय, काम मागे चाललंय, आणि बायको दारात उभी.

"अरे, बंद करून चालू कर ना."

"अगं, तो काय मिक्सर आहे?"

"मिक्सर लगेच चालू होतो."

घ्या! आणि तेवढ्यात आला मेव्हणा. हा फ्रिज दुरुस्त करतो. जगातलं कुठलंही यंत्र बिघडलं की याच्या मते कारण एकच. आला, लॅपटॉपला हात लावला, डोळे मिटले, डॉक्टरसारखी मान हलवली, "भावोजी, गरम झालंय. दम कोंडलाय त्याचा." आणि मी नको नको म्हणतोय तोवर यानं लॅपटॉप उचलून दोन डब्यांवर ठेवला आणि टेबलफॅन आणून लावला तोंडासमोर. माझे कागद उडाले, पडदा उडाला, बायकोची इस्त्री केलेली ओढणी उडाली... घरात वादळ! एकच वस्तू हलली नाही. कुठली? बरोबर. पट्टी ढिम्म!

मग मी फोन लावला गुरूला. गुरू म्हणजे माझा जुना सहकारी, याला सगळं येतं आणि येतं हे सांगायला फार आवडतं. "हं... हं... चार्जर लावलायस? नाही? अरे, बॅटरीवर ते जीव वाचवत काम करतं, लाव आधी! ब्राउझर उघडा आहे? किती खिडक्या? बापरे! बंद कर! ग्राफिक्स कार्डला काम दिलंयस का सगळं एकट्या प्रोसेसरच्या डोक्यावर? कार्ड फुकट बसलंय घरात आणि तू म्हाताऱ्याला राबवतोयस! सेटिंगमध्ये जा, हार्डवेअर निवड!" माणूस बोलतो आगाऊ, पण बोलतो खरं. मी सगळं केलं. केलं म्हणजे काय, तर प्रत्येक वेळी चालू असलेलं थांबवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं! काळजावर दगड ठेवून थांबवायचं! आणि खरंच, पट्टी पळायला लागली हो! मी ओरडलो, बायको ओरडली, मेव्हणा म्हणाला, "बघा, पंखा!" थोडी पळाली, थोडी आणखी पळाली... आणि मग? पट्टी ढिम्म!

समारंभाला माणसं निघाली असतील, बायको साडी नेसून तयार, मला रडू यायचं बाकी. गुरू फोनवर विचारतो, "फिल्म केवढी आहे रे?" मी म्हटलं, "छोटी आहे, एका चहात संपेल." तो म्हणाला, "मग एक्सपोर्टच्या खिडकीत लांबी किती दाखवतंय?" मी बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, पायाखालची जमीन सरकली. तीन तास!

आता हे नीट ऐका. आमच्या कामात पडद्यावर एक लांबच लांब दोरी असते समजा, कपडे वाळत घालायची, तिच्यावर ओळीनं सगळे तुकडे टांगायचे. आणि आम्हा एडिटर लोकांना एक वाईट खोड. नको असलेला तुकडा फेकवत नाही! 'लागेल कधीतरी' म्हणून उजवीकडे लांब सरकवून ठेवतो. मी सासऱ्यांच्या शिट्टीचा एक जादा तुकडा असाच भिरकावला होता, पार दोरीच्या टोकाला. आणि ते इमानी सॉफ्टवेअर बिचारं फिल्म संपवून पुढच्या मिट्ट काळोखातून तीन तास चालत निघालं होतं, त्या एका शिट्टीपर्यंत! बरं, चित्रावर मुंग्यांसारखे दिसणारे बारीक दाणे पुसायचा इफेक्ट मी पसरला होता थेट टोकापर्यंत. म्हणजे काळोख पण घासूनपुसून साफ करत चाललेलं! आम्ही पंखा कुणाला लावला, शिव्या कुणाला दिल्या!

काढली ती शिट्टी. आवरला तो इफेक्ट. दाबलं एक्सपोर्ट. आणि नेमकं त्या क्षणी, माझं नशीबच तसं, दारात कोण? सासरे! कडक इस्त्रीचा शर्ट, न्यायला आले होते आम्हाला. आणि जन्मभर पोरांना वेळ लावून पोहायला लावलेला माणूस, खिशात स्टॉपवॉच असतंच.

"काय जावईबापू, झालं का?"

"सुरू केलं बाबा, आत्ताच."

"असं?" टिक्! दाबलं त्यांनी. आणि पट्टी... अहो, ती पट्टी सुटली! धावली! उडाली! मी हाताची घडी घालून खुर्चीत टेकलो, सकाळपासून पहिल्यांदा. खण्णकन झालं पूर्ण! टिक्! सासऱ्यांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घड्याळ खिशात टाकलं.

हॉलमध्ये फिल्म लागली. पहिल्या बॅचची पोरं, आता टकलं पडलेली, एकेक येऊन पाण्याची भीती कशी गेली ते सांगतायत, आणि पुढच्या रांगेत सासरे चष्मा काढून डोळे पुसतायत. मला भरून आलं हो, खरंच भरून आलं. मग ते माईकपाशी गेले. माझ्याकडे हात केला. सगळा हॉल वळला. आणि म्हणाले, "ही फिल्म आमच्या जावयांनी केली. चार मिनिटांत! मी स्वतः वेळ लावली. शाब्बास!"

टाळ्या! कडकडाट! बायको डोळे टिपत म्हणते, "ऐकलंस? बाबा शाब्बास म्हणाले!" आता तुम्हीच हिशेब करा! महिनाभर मान मोडून काम केलं, तेव्हा मी 'बसतात'... आणि आख्ख्या कामात जी चार मिनिटं खरोखर नुसता बसलो होतो, शाब्बास मिळाली ती त्या मिनिटांची! उठलो, हात जोडले, आणि गपचूप परत बसलो.