चिंचेखालची बाळंतीण

भुतांचा विषय काढलाच आहे तर माझं ऐका. मागच्या महिन्यात मनीषनगरची एक मुलगी काटोलजवळच्या आमच्या गावी आली. भुताटकीच्या स्मशानांवर ती पुस्तक लिहीत होती. पानठेल्यावर कोणीतरी तिला माझं घर दाखवलं.

“आजोबा, इथल्या मसणात बाळंतीण दिसते म्हणतात. चिंचेखालून नाव घेऊन हाक मारते, ओ दिली की माणूस मरतो. खरं आहे का?”

“चाल वं पोरी, दाखवतो.”

भर दुपारी तिला तिथं नेलं. आमच्यात मेलेल्या माणसाला पुरतात. चिंचेखालच्या दगडावरची पानं मी हातानं झाडली आणि बाजूला बसलो. मुलगी दूरच उभी.

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“मायची कायची भीती?”

“म्हणजे?”

“मले जन्म देता देता गेली ते. लोकायनं तिची हडळ केली. पोरं मले हडळीचा म्हणत. मी एकेकाचे दात पाडले.”

तिनं फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. तरी हळूच म्हणाली, “पण आजोबा, हाक ऐकलेले किती जण भेटले मला.”

“मंग ते चालू कर अन् माहं बी घे. माहं नाव ठेवाच्या आधीच गेली माय. तिच्या तोंडून एकदा नाव आयकाले मी जलमभर इथं येऊन राहिलो. पोटच्या पोराले तिनं एक हाक नाही मारली. त्या लोकायले काहून मारन?”