बिनसुईचा ताप

शहाऐंशी साल. कांदिवलीच्या दवाखान्यात डॉक्टर नाबर नवं संशोधन वाचत होते: साध्या तापाला इंजेक्शन लागत नाही. पडद्याबाहेर बाकावर दोघी बोलत होत्या, ते त्यांना आत ऐकू येत होतं.

“हे नाबर डॉक्टर सुई देतच नाहीत गं.”

“मग गुण येत नाही?”

“येतो ना! गोळ्यांनीच उतरतो ताप.”

“मग रडतेस कशाला, विमला?”

“सुई टोचली की सासूबाई स्वतःच म्हणतात, पड दोन दिवस. नुसत्या गोळ्या बघितल्या की म्हणतात, काही झालं नाही तुला, मासे साफ कर.”

“मग नाक्यावरच्या डॉक्टरकडे जा. तो टोचतो.”

“सुईला घाबरते ना मी!”

विमलाचा नंबर आला. नाबरांनी गोळ्या दिल्या आणि सुईला हातही न लावता तिच्या दंडावर कापसाची भलीमोठी पट्टी चिकटवली.

“हा हात दोन दिवस पाण्यात घालायचा नाही.”