जवसाच्या तेलाचा वास

थांबा ना भाऊ, डब्ब्याचं झाकण लावू नका. आधी वास घेऊन सांगा – दोन थेंब तळहातावर टाका, चोळा, अन् न्या नाकाशी. आमच्या तेलघाणीवर हेच रीत हाय. जवसाचं तेल लवकर खवट होते, म्हणून गिऱ्हाइकाले द्यायच्या आधी पंजाबरावनं, म्हंजे म्या, वास घ्यायचा. सारी जठारपेठ ओळखते हे नाक. मंग मी कावून नाही घेत म्हणता? घेऊन काय करू – येतच नाही. नाकात मांसाचे कोंब होतात मले. दोनदा आपरेशन करून काढले, पुन्हा हजर.

मंग अमरावतीच्या डाक्टरनं रक्त तपासलं. म्हणे तांबं जास्त हाय, जस्त कमी हाय. म्या म्हटलं, साहेब, त्याच्यानंच झालं का हे? तर म्हणे, तसं सांगता येत नाही. मंग तपासलं कायले? पण मले वाटलं, चला, काहीतरी सापडलं. घरी आलो, पाण्याचा तांब्याचा गडू माळ्यावर टाकला अन् जस्ताची जुनी बादली काढली – रातभर पाणी ठेवायचं तिच्यात, वरून निंबू पिळायचं, उतरू दे म्हटलं जस्त. हसू नका. उलट्यांनी हैराण झालो. डाक्टर असा बोलला का मान वर करता आली नाही. मंग त्यानं गोळ्या देल्ल्या. खाऊन राहिलो. नाक जसंच्या तसं.

आता वास घरची घेते, मनकर्णा. रोज म्हणते, मस्त हाय. अहो, रोज कसं मस्त असन? आमचा देवीदास, इतका जुना गिऱ्हाईक, आता समोरच्या दुकानातून तेलाचे पुडे नेते अन् इकडं पाहत बी नाही. म्हणून तुमाले इचारतो – तुमी बडनेऱ्याचे, ना ओळख ना पाळख, तुमी कावून खोटं बोलसान? तिचं काय, खवट तेल फेकलं का मी दिवसभर जेवत नाही, अन् ते तिले पाहवत नाही. समजते मले सारं. पण तिले कसं म्हणू, का तू खोटं बोलतं?

घेतला वास? ... हात कावून पुसून राहिले? ... बोला ना. भेव लागते मले, पण बोला.

... खवट? बरं. डब्बा राहू द्या इथंच, नेऊ नका. हळू – आली ते. अवं मनकर्णा, हे भाऊ बी म्हणतात, तेल मस्त हाय. ... जा भाऊ तुमी.