कैरीने पास केलेला चाकू

मोठ्या माणसांना अक्कल असते असं वाटतं ना तुम्हाला? मग ऐका.

इंजिनीअरिंग सोडून मी मरोळच्या एका वर्कशॉपात घडीचे चाकू बनवतो. आमच्या चाकूवेड्यांच्या ग्रुपसाठी जुन्या पद्धतीचे, शिसवी मुठीचे फक्त पन्नास चाकू काढायचं ठरलं. ग्रुपचे साठेकाका नमुना बघून हो म्हणणार, मगच काम मला मिळणार. या काकांनी नुसत्या मुठीच्या रंगावर चार महिने वाद घातला होता.

नमुना आरशासारखा चकचकीत करून घरी ठेवला. सकाळी बघतो तर बाबा त्यानेच लोणच्याच्या कैऱ्या चिरतायत. साधं पोलाद ते, आंबट लागलं आणि पातं निळं-काळं पडलं.

"बाबा, वाट लावलीत! न विचारता उचललात कशाला?"

"कॉलेज सोडताना तू विचारलं होतंस?"

दुसरा नमुना करायला वेळ नव्हता. तोच घेऊन गेलो. साठेकाकांनी पातं उलटंसुलटं करून पाहिलं.

"हा रंग कसा आणलास रे?"

"कैरीने."

"झकास! पन्नासच्या पन्नास असेच हवेत."

आता आठवडाभर बाबा एकेका चाकूने कैऱ्या चिरतायत. बिल्डिंगमध्ये घरोघर आमचं लोणचं पोचलंय. चाकू बनवून पोट भरतं का, असं रोज विचारणारा हा माणूस काल सव्वीस नंबरचा चाकू पुसत म्हणतो, "याची धार कमी आहे. परत लाव."

आणि खरंच कमी होती यार.